हिवतापाचं औषध माणसाची गुणसूत्रं मोडतं का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर क्लोरोक्विन, प्रायमाक्विन, पायरीमेथामिन आणि आर्टेसुनेट ही चार औषधं तपासायची आहेत. चारही औषधं कल्चर (नळीत वाढवलेल्या पेशी) लावतानाच घालायची, ७२ तासांनी हार्वेस्ट करायचं, म्हणजे पेशी काढून स्लाइड करायच्या, आणि मेटाफेजमधली, म्हणजे विभाजनाच्या ज्या टप्प्यात गुणसूत्रं सुटी दिसतात त्यातली, तुटलेली गुणसूत्रं मोजायची, अशी योजना आहे. ती पुरेशी आहे का? आणि एखादं औषध पॉझिटिव्ह आलं तर ते घेणाऱ्या रुग्णाबद्दल काय सांगता येईल?

चाचणी योग्य निवडली आहे, पण चार औषधांना एकच साचा लावला तर निकालावर विसंबता येणार नाही. चारही हिवतापाचीच औषधं असली तरी पेशीत शिरल्यावर चौघांचे रस्ते वेगळे होतात. क्लोरोक्विन डीएनएच्या जोड्यांमध्ये जाऊन बसतं. प्रायमाक्विनचे यकृतात तयार होणारे पदार्थ पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. पायरीमेथामिन फोलेटचा मार्ग अडवतं. आर्टेसुनेटमधला पेरॉक्साइड बंध लोहाशी गाठ पडली की फुटतो आणि मुक्त मूलकं तयार होतात. तुमच्या नळीत यांपैकी प्रत्येक गोष्ट घडायला वाव आहे का, हे आधी बघा. वावच नसेल तर निगेटिव्ह निकालाचा अर्थ इतकाच, की त्या नळीत काही घडलं नाही.

मूळ पद्धत तुम्हाला माहीत असणार. हेपारिन घातलेलं थोडं रक्त, आरपीएमआय १६४० माध्यम, सीरम, पेशींना विभाजनाला लावणारं पीएचए, ३७ अंश तापमान, शेवटी पेशींना मेटाफेजमध्ये थांबवणारं कोलसेमिड, त्यांना फुगवणारं ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड (हायपोटॉनिक द्रावण), मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाचं तीनास एक फिक्सेटिव्ह, आणि गिम्सा हा रंग. १९६० मध्ये पीएचएचा उपयोग कळल्यापासून हा क्रम फारसा बदललेला नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण मला ती फार आवडते: गुस्ताव्ह गिम्सा यांनी हे रंगद्रव्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचा परजीवी रक्तात दिसावा म्हणून बसवलं. आज त्याच रंगात आपण हिवतापाच्या औषधांनी गुणसूत्रांचं काय केलं ते शोधतो.

आता वेळेचं. रक्तातले लिम्फोसाइट विश्रांतीत असतात. बहुतेक रसायनांची इजा पेशी डीएनएची प्रत काढू लागते तेव्हा गुणसूत्रावर उमटते, म्हणून औषध पेशी चक्रात आल्यावर घालायचं असतं. शून्य तासाला पीएचएसोबतच घातलं तर दोन अडचणी येतात. पहिली, क्लोरोक्विनसारखं औषध लिम्फोसाइटची वाढच दाबतं, मग मेटाफेज मिळत नाहीत. दुसरी, ७२ तासांपर्यंत बऱ्याच पेशी दोनदा विभागलेल्या असतात, आणि तुटके तुकडे व दोन सेंट्रोमियरची (सेंट्रोमियर म्हणजे गुणसूत्राची कंबर) गुणसूत्रं विभाजनात गळून पडतात. जे मोजायचं तेच हरवलेलं असतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची याच चाचणीसाठीची ४७३ क्रमांकाची मार्गदर्शिका सांगते त्याप्रमाणे पीएचएनंतर साधारण ४८ तासांनी औषध घाला आणि औषध घातल्यापासून दीड पेशीचक्रानं हार्वेस्ट करा. एकूण कल्चर ७० तासांच्या आसपासच जातं, पण औषध लागल्यानंतरचं ते पहिलं विभाजन असतं. शंका असेल तर एका जादा कल्चरमध्ये बीआरडीयू (नव्या डीएनएत थायमिडीनच्या जागी बसणारा पदार्थ) घालून पेशी कितव्या विभाजनात आहेत ते तपासा. संथ चाललेल्या कल्चरमध्ये हे केलंच पाहिजे.

मात्रा ठरवताना सगळ्यात जास्त घोळ क्षार आणि बेस यांच्यात होतो. २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेटमध्ये बेस असतो फक्त १५० मिलिग्रॅम. २६.३ मिलिग्रॅम प्रायमाक्विन फॉस्फेट म्हणजे १५ मिलिग्रॅम बेस. म्हणून "१० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर" एवढंच लिहिलेल्या निबंधाशी तुमचा निकाल ताडून पाहता येत नाही. सगळं मायक्रोमोलरमध्ये लिहा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. दुसरं, क्लोरोक्विन डायफॉस्फेटचं द्रावण आम्लधर्मी असतं. वरच्या मात्रेत माध्यमाचा रंग लालसरवरून पिवळट झाला तर तिथेच थांबा आणि पीएच मोजा. नुसत्या घसरलेल्या पीएचनं आणि वाढलेल्या ऑस्मोलॅलिटीनंही (माध्यमात विरघळलेल्या पदार्थांच्या दाटपणानंही) गुणसूत्रं तुटतात, आणि तो दोष औषधाच्या माथी बसतो. आर्टेसुनेटसाठी डीएमएसओ हा द्रावक वापरणार असाल तर त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवा आणि कंट्रोलमध्येही, म्हणजे औषध नसलेल्या कल्चरमध्येही, तेवढंच घाला.

वरची मर्यादा विषाक्ततेनं ठरते. मायटॉटिक इंडेक्स (विभाजनात असलेल्या पेशींचं प्रमाण) कंट्रोलच्या साधारण ४५ टक्क्यांवर उतरेल ती सर्वांत वरची मात्रा, मार्गदर्शिकेनुसार पाच टक्के इकडेतिकडे. त्याच्या वर गेलात तर मरणाऱ्या पेशीतला डीएनए तुटलेला दिसेल आणि तुम्ही त्याला गुणसूत्रावरची इजा म्हणाल. खालच्या मात्रा मात्र माणसाच्या रक्तात औषध किती चढतं ते पाहून ठरवा. तीनऐवजी पाच मात्रा घ्याव्यात असं मी आग्रहानं सांगेन: दोन उपचाराच्या पातळीजवळच्या, तीन त्याच्या वरच्या. क्लोरोक्विनची उपचारातली रक्तद्रवातली पातळी मायक्रोमोलरच्या आसपास असते, प्रायमाक्विनची नेहमीच्या मात्रेत त्याहून कमी. शिरेतून दिलेल्या आर्टेसुनेटची पातळी काही मायक्रोमोलरपर्यंत चढते, पण मिनिटांत उतरते. ५० मायक्रोमोलरला मिळालेला पॉझिटिव्ह निकाल या पातळीशेजारी ठेवल्याशिवाय काहीच सांगत नाही.

आता एकेक औषध. क्लोरोक्विनबद्दल सर्वसाधारण समज असा, की ते डीएनएला चिकटतं म्हणजे ते तोडणारच. चिकटणं आणि तोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचा उत्तम पुरावा हिवतापाच्याच औषधांच्या घराण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना दिलं जाणारं मेपाक्रिन, म्हणजेच क्विनाक्रिन, डीएनएला इतकं नीट चिकटतं, की १९७० च्या सुमारास टॉर्ब्योर्न कास्परसन यांच्या गटानं क्विनाक्रिन मस्टर्ड हा त्याचाच भाऊबंद वापरून मानवी गुणसूत्रांवरचे चमकते पट्टे पहिल्यांदा दाखवले. क्लोरोक्विन तर प्रयोगशाळेत प्लास्मिडचा (जिवाणूतल्या वर्तुळाकार डीएनएचा) पीळ मोजायलाही वापरतात. २००३ मध्ये बाकेनिस्ट आणि कास्टन यांनी दाखवलं, की क्लोरोक्विन क्रोमॅटिनची घडण बदलून एटीएम हे इजेची वर्दी देणारं प्रथिन जागं करतं, डीएनए तुटल्याचं दिसत नसतानाही. म्हणून क्लोरोक्विनच्या बाबतीत एटीएम किंवा त्याच्याच साखळीतलं पी-५३ हे प्रथिन वाढलं, एवढ्यावरून गुणसूत्रं तुटली असा निष्कर्ष काढू नका. मेटाफेजमध्ये तुटलेलं दिसलं तरच तुटलं म्हणा. शिवाय क्लोरोक्विन लायसोसोममध्ये साठतं, पेशीत पोकळ्या दिसू लागतात आणि पेशी नाजूक होतात. हायपोटॉनिकची वेळ नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवून पाहा, नाहीतर फुटलेल्या मेटाफेजची गर्दी होईल आणि गुणसूत्रांची संख्या कमी भरेल.

प्रायमाक्विन थेट कल्चरमध्ये घालून फारसं हाती लागत नाही, कारण त्याचे क्रियाशील पदार्थ यकृतात तयार होतात, त्यात सीवायपी-२डी६ या विकराचा मोठा वाटा असतो. लिम्फोसाइटकडे ती यंत्रणा नाही. त्यामुळे उंदराच्या यकृतापासून केलेलं एस-९ मिश्रण घातलेला गट हवाच: तीन ते सहा तास औषध आणि एस-९, मग पेशी धुऊन ताज्या माध्यमात. एस-९ जास्त वेळ ठेवलं तर तेच पेशींना बाधतं. माणसातला चयापचय एस-९ मध्ये हुबेहूब उतरत नाही, हे निष्कर्षात लिहायला विसरू नका. पॉझिटिव्ह कंट्रोल (इजा करतंच असं ठाऊक असलेलं औषध) इथे सायक्लोफॉस्फामाइड, कारण तेही चयापचयाशिवाय काम करत नाही. एस-९ नसलेल्या गटात मायटोमायसिन-सी. रक्तदात्याची जी-६-पीडी या विकराची चाचणी करून घ्या. हे विकर कमी असलेल्याच्या पेशींना ऑक्सिडीकरणाचा ताण पेलवत नाही, आणि अशा एका दात्यामुळे सगळी सरासरी कलू शकते. प्रायमाक्विनच्या अधिकृत माहितीपत्रकातच ते सौम्य जनुकविषारी असल्याचं नोंदलेलं आहे: जिवाणूंत उत्परिवर्तन शोधणारी एम्स चाचणी आणि उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या गुणसूत्रांवरची चाचणी, दोन्ही पॉझिटिव्ह. तेव्हा तुमच्याकडे सगळं स्वच्छ निगेटिव्ह आलं तर औषधाला प्रमाणपत्र देण्याआधी एस-९ चालत होतं का ते तपासा.

पायरीमेथामिनच्या बाबतीत खरा खेळ माध्यमात आहे, आणि नेमकं तेच बहुतेक निबंधांत एका ओळीत उरकलेलं असतं. हे औषध डायहायड्रोफोलेट रिडक्टेज अडवतं. त्यामुळे थायमिडीन कमी पडतं, डीएनएची प्रत काढताना थायमिनच्या जागी युरॅसिल बसतं, दुरुस्ती वारंवार होते आणि शेवटी धागा तुटतो. पण माध्यमात आयतं थायमिडीन आणि हायपोझॅन्थिन असेल तर पेशी बाजूच्या रस्त्यानं आपली गरज भागवते आणि औषधाचा परिणाम झाकला जातो. हॅमच्या एफ-१० मध्ये थायमिडीन असतं, आरपीएमआय १६४० मध्ये नसतं. सीरममधून थोडंफार येतं, म्हणून डायलाइज केलेलं, म्हणजे छोटे रेणू काढून टाकलेलं, सीरम वापरा. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारातलं नाजूक एक्स गुणसूत्र शोधणाऱ्यांना ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ठाऊक आहे: फोलेट कमी असलेल्या माध्यमातच ती नाजूक जागा दिसते. फोलेट अडवणाऱ्या औषधात गुणसूत्र ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा तुटलेलं दिसलं तर त्या जागा टिपून ठेवा, ती माहिती नुसत्या टक्केवारीपेक्षा मोलाची आहे. आणखी एक साधा प्रयोग: त्याच मात्रेसोबत फोलिनिक आम्ल घालून दुसरं कल्चर लावा. मोडतोड नाहीशी झाली तर कारण हातात आलं. टोक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीच्या आजारात पायरीमेथामिन मोठ्या मात्रेत रोज द्यावं लागतं, तेव्हा डॉक्टर अस्थिमज्जा वाचवायला हेच आम्ल सोबत देतात. पायरीमेथामिननं मानवी लिम्फोसाइटमध्ये संरचनात्मक दोष निर्माण होतात हेही त्याच्या माहितीपत्रकात आहे, मात्र एम्स चाचणी निगेटिव्ह. जिवाणू पाहून गुणसूत्रांबद्दल बोलू नये ते याचसाठी.

आर्टेसुनेटला लोह लागतं. तुम्ही अख्खं रक्त घेतलं तर नळीत तांबड्या पेशी असतात, काही फुटतात, हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) मोकळं होतं आणि औषध लिम्फोसाइटपर्यंत पोहोचण्याआधीच तिथे खर्च होऊ शकतं, किंवा तिथे तयार झालेली मूलकं लिम्फोसाइटला इजा करू शकतात. वेगळे काढलेले लिम्फोसाइट घेतले तर चित्र पालटतं. म्हणून या औषधासाठी दोन्ही कल्चर लावा. लोह बांधून ठेवणारं डेस्फेरिऑक्सामिन घातलेला एक गट ठेवा; त्यात इजा घटली तर लोहाचा हात सिद्ध झाला. शिवाय आर्टेसुनेट पाण्यात फार टिकत नाही, त्याचं डायहायड्रोआर्टेमिसिनिन होतं आणि तेही ३७ अंशांवर काही तासांत ओसरतं. द्रावण त्याच वेळी करा, फ्रिजमधलं कालचं नको. २४ तासांचा संपर्क असं आपण लिहितो तेव्हा शेवटच्या बऱ्याच तासांत औषध नळीत उरलेलंच नसतं. याला कमी वेळाचा संपर्क अधिक प्रामाणिक.

स्लाइड वाचण्याबद्दल. स्लाइडवर कोणती मात्रा आहे हे वाचणाऱ्याला माहीत नसावं, कोड दुसऱ्यानं घालावा. ४६ सेंट्रोमियर, फार तर दोन कमी-जास्त, असलेले पसरलेले मेटाफेजच घ्या. प्रत्येक मात्रेला ३०० मेटाफेज, दोन कल्चरमध्ये वाटून. जुन्या निबंधांत १०० किंवा २०० दिसतात, ते आता पुरेसे मानत नाहीत. नवख्याचा गोंधळ गॅप आणि ब्रेक यांत होतो. क्रोमॅटिडवर (गुणसूत्राच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी एकावर) न रंगलेली फट दिसते, तिची रुंदी क्रोमॅटिडच्या जाडीपेक्षा कमी आहे आणि पुढचा भाग त्याच रेषेत आहे, तर तो गॅप. तुकडा रेषेतून सरकला आहे, तिरका पडला आहे, तर ब्रेक. गॅप वेगळे नोंदवा, एकूण दोषांत धरू नका. या औषधांत बहुतेक क्रोमॅटिडचे दोष मिळतील, म्हणजे दोनपैकी एकाच क्रोमॅटिडवर खूण, आणि दोन गुणसूत्रांची अदलाबदल झाली असेल तर चार हातांची आकृती. दोन सेंट्रोमियरची गुणसूत्रं भरपूर दिसू लागली तर औषधाआधी दात्याकडे पाहा: त्याचा अलीकडे सीटी स्कॅन किंवा किरणोपचार झाला आहे का? निरोगी माणसात असं गुणसूत्र हजार पेशींत एखादंच सापडतं. दाता तरुण, धूम्रपान न करणारा असावा. त्यानं हिवतापाचं औषध किंवा संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेलं नसावं हेही विचारा, कारण यांतली काही औषधं शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतात.

सोबत दुसरी चाचणी लावायची तर मी मायक्रोन्यूक्लियस (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेलं छोटं केंद्रक) मोजणारी निवडेन. मायकेल फेनेक आणि अॅलेक मॉर्ली यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सायटोकॅलासिन-बी घालून पेशीला दोन केंद्रकांवर थांबवतात, त्यामुळे एकदाच विभागलेल्या पेशी ओळखू येतात. यात तुटलेला तुकडाही सापडतो आणि मागे राहिलेलं अख्खं गुणसूत्रही. मेटाफेजमध्ये दुसरी गोष्ट सहसा निसटते. सिस्टर क्रोमॅटिड एक्स्चेंज (एकाच गुणसूत्राच्या दोन क्रोमॅटिडमधल्या अदलाबदली) दिसायला सुंदर असतात, पण ती तुटून पूर्ववत जुळलेल्या धाग्यांची खूण आहे, नुकसानीचा पुरावा म्हणून मी त्यांच्यावर भार टाकणार नाही. कॉमेट चाचणी (विजेच्या प्रवाहात तुटका डीएनए शेपटीसारखा ओढला जातो ती) आर्टेसुनेट आणि प्रायमाक्विनला उपयोगी, विशेषतः ऑक्सिडाइज झालेले बेस दाखवणारी विकरं वापरली तर. पण तिथे दिसणारे बरेच तुटके धागे पेशी काही तासांत सांधते.

संख्याशास्त्रात एकच गोष्ट ठामपणे: एकक कल्चर आहे, पेशी नव्हे. एका दात्याच्या ३०० पेशी म्हणजे ३०० माणसं नव्हेत. पॉझिटिव्ह म्हणायला तीन अटी एकत्र लागतात: कंट्रोलपेक्षा लक्षणीय वाढ, मात्रेबरोबर चढता कल, आणि तुमच्याच प्रयोगशाळेच्या जुन्या कंट्रोलच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेरचा आकडा. तुमच्याकडे असा जुना पट्टा नसेल तर औषधांना हात लावण्याआधी नुसती कंट्रोलची कल्चर लावून तो तयार करा. प्रकल्पाचे काही आठवडे जातील, पण त्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहतं.

आता रुग्णाचा प्रश्न. नळीत मिळालेला पॉझिटिव्ह निकाल औषध गुणसूत्रांना इजा करू शकतं एवढं सांगतो. रुग्णाला ती होते का, हे सांगत नाही. मध्ये मात्रा आहे, संपर्काचा काळ आहे, शरीराची दुरुस्ती आहे. आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार तीन दिवसांत संपतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजार आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली, त्यातली बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. त्यामुळे तुमच्या अहवालात "औषध असुरक्षित" असं वाक्य येऊ देऊ नका. अशा वाक्यामुळे कुणी औषध अर्ध्यावर सोडलं तर जीव जाऊ शकतो, ही जबाबदारी आपली आहे. कोणत्या मात्रेला, किती तासांच्या संपर्कात, एस-९ सह की त्याविना, किती वाढ, आणि ती मात्रा उपचाराच्या पातळीच्या किती पट, एवढं लिहा. काळजी जिथे खरोखर रास्त आहे तिथे ती स्पष्ट मांडा: वर्षानुवर्षं घेतलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, पुन्हा पुन्हा होणारे उपचार, गरोदरपण. गरोदरपणात मात्र आजाराचा धोकाही तितकाच मोठा आहे, म्हणूनच २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन सुचवते.

पुढे रुग्णांवर अभ्यास करावासा वाटला तर नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊन त्याच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे नमुने घ्या. रुग्णाची तुलना निरोगी माणसाशी केली तर फसगत होते: ताप आणि परजीवी स्वतःच ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात, आणि तो औषधाच्या खात्यात जमा होतो. पहिला नमुना औषधाचा पहिला घोट घेण्याआधी, दुसरा उपचार संपल्यावर, तिसरा २८ दिवसांनी, आणि शक्यतो दुसरं औषध मिळालेल्या रुग्णांचा समांतर गट. क्लोरोक्विनच्या गटात २८ व्या दिवशीही औषध रक्तात असतं, तेव्हा तिथे "औषध उतरल्यानंतरचा" नमुना आणखी काही महिने पुढे न्यावा लागेल.